बंद दाराच्या तीन खेपा

लिमयेकाका,

तुमच्या शोकसभेत सात जण बोलले आणि सातही जणांनी तुम्हाला काटेकोर म्हटलं. मी मोजलं. मोजायची सवय तुम्हीच लावलीत, तेव्हा आता तक्रार करू नका. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मराठीत म्हणाले, संस्थेतले जुने सहकारी बंगालीत त्याच अर्थाचं बोलले, आणि फोर्ट विल्यममधून निवृत्त झालेल्या आपल्या कर्नलसाहेबांनी सांगितलं की लिमये चहात साखरसुद्धा सपाट चमच्याने घालायचे. लोक हळूच हसले. काकूही हसल्या. मी तिसऱ्या रांगेत खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते, कारण उठून काहीतरी बोलून बसेन अशी मला भीती वाटत होती.

बाहेर पडताना अध्यक्षांनी गाठलंच. म्हणाले, मृणाल, तू तर त्यांची मानसकन्या, स्मरणिकेसाठी चार चांगले शब्द लिहून दे. चार चांगले शब्द माझ्यापाशी आहेत, चाराहून पुष्कळ जास्त आहेत. पण ते सध्या दुसऱ्याच शब्दांच्या ढिगाखाली दबलेत आणि वरचा ढीग उपसल्याशिवाय हाती लागणार नाहीत. म्हणून हे असं लिहिते आहे. छापायचं की नाही ते मंडळाने बघावं. तुम्हाला ठाऊक असलेल्या काही गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतील, कारण वाचणारे तुम्ही नसणार आहात.

मी चोवीस वर्षांची असताना तुमच्याकडे आले. तुम्ही केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यातून नुकतेच निवृत्त झाला होतात, पुण्याला परत जायचं सोडून डमडमला फ्लॅट घेतला होतात आणि दोन खोल्यांत एक संस्था काढली होतीत. काम साधं होतं. सरकार लसीकरणाला, बाळंतपणाच्या तपासण्यांना, क्षयरोगाच्या औषधांना पैसे देतं. त्यातून लोकांना खरोखर काय मिळालं ते घरोघरी जाऊन बघायचं आणि मोजून सांगायचं. माझे आजोबा नोकरीसाठी इथे आलेले, वडील इथल्याच शाळेत गणित शिकवणारे, आणि माझं मराठी म्हणजे स्वयंपाकघरापुरतं. "काका, मी तिथे जाऊन भात खाल्ली" असं मी तुम्हाला पहिल्या आठवड्यात सांगितलं आणि तुम्ही पोट धरून हसलात. मग कपाटातून हिरव्या पुठ्ठ्याची एक वही काढून माझ्यापुढे टाकलीत. म्हणालात, पाहणीला गेल्यावर जे दिसेल ते यात लिहायचं, मराठीत, आणि रोज मला दाखवायचं.

मला वाटलं भाषा सुधारावी म्हणून. त्यासाठीही होतंच. पण खरं कारण पुढे कळलं. ऑफिसात मराठी वाचता येणारे आपण दोघंच होतो. अहवाल इंग्रजीत जायचा आणि तो चार लोकांच्या नजरेखालून जाऊन गुळगुळीत व्हायचा. वहीत जे असे ते आपल्या दोघांचं असे. तिथे मी लिहायची की आरोग्य केंद्राचा लसींचा फ्रीज बंद आहे आणि त्यात डॉक्टरांचे आंबे आहेत. तिथे तुम्ही समासात लाल पेनाने विचारायचात, आंबे किती? ऑफिसात मी तुम्हाला सर म्हणायची आणि वहीत काका लिहायची. मराठी मला तुम्ही शिकवलंत, आणि आज तुमच्यावर इतकं मनापासून चिडता येतंय तेही त्याच मराठीत.

आणि बंद दारं. तीही तुम्हीच शिकवलीत.

पाहणीसाठी घरांची यादी आधी ठरते, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कोणाच्याही मर्जीवर न सोडता. यादीतल्या घराला कुलूप असलं तर काय करायचं? नवखा माणूस शेजारची कडी वाजवतो. मी तेच केलं होतं, तुमच्याच डमडममध्ये, एका गल्लीत. संध्याकाळी तुम्ही वही बघितलीत. दुसऱ्या दिवशी स्वतः माझ्याबरोबर आलात आणि त्या कुलपासमोर मला उभं केलंत. म्हणालात की या घरात कोण राहतं हे आपल्याला माहीत नाही, पण ते शेजाऱ्यांसारखे नाहीत एवढं कुलूप सांगतंय. शेजारीण घरी आहे, ही कामावर आहे. जिला दुपारी घरी बसता येतं तिच्या मुलाला लस मिळतेच. तेव्हा यायचं. परत यायचं. तीनदा यायचं, सकाळी, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी. तीनदाही नाही उघडलं तर वहीत 'बंद' असं लिहायचं आणि ते तसंच ठेवायचं. बंद दाराला बदली दार नसतं.

तिसऱ्या खेपेला ते दार उघडलं होतं. आत एक परिचारिका होती, रात्रपाळी करून दिवसा झोपणारी, आणि तिच्या स्वतःच्या मुलाचे दोन डोस राहिलेले. दुसऱ्यांच्या मुलांना टोचणारी ती बाई आपल्या दोघांकडे अशी ओशाळून बघत होती की मला रडू आलं. परत येताना तुम्ही मला कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे संदेश खाऊ घातलात आणि म्हणालात, आता तू कामाला आलीस. त्या दिवशी मी तुमची झाले, हे मी कुणालाही सांगेन. माझ्या हाताखालच्या मुलींना मी दहा वर्षं हीच गोष्ट सांगत आले.

आता बजबज.

तुम्हाला हे नाव काढलेलं आवडायचं नाही. नसेल आवडत तर नसू दे. तिथल्या नदीकाठच्या तागाच्या मिलच्या लाइनींमध्ये, म्हणजे कामगारांच्या चाळींत, आरोग्य खात्याचा एक दवाखाना आठवड्यातून दोन संध्याकाळी चालायचा, मिलच्या क्लबच्या खोलीत सतरंजी टाकून. कारण उघड होतं. तिथल्या बायका पोती शिवायच्या विभागात पाळीवर जातात, नाहीतर घरकामाला जातात, आणि सरकारी केंद्र दुपारी दोनला बंद होतं. शेफालीदी नावाच्या परिचारिका तो दवाखाना चालवत. कपाळाला मोठं कुंकू, तोंडात पान आणि प्रत्येक मुलाचं नाव पाठ. सगळ्या भागातल्या बालआरोग्य कार्यक्रमाचं मूल्यमापन आपल्याकडे आलं आणि त्यातला एक प्रश्न होता की या संध्याकाळच्या दवाखान्याचा वेगळा खर्च चालू ठेवावा की नाही.

आपल्या संस्थेच्या मुली सियालदाहून साडेनवाची लोकल पकडायच्या आणि अकराला लाइनींत पोचायच्या. तीनला परत. त्या वेळेत लाइनींत काय असणार? कुलपं. ओळीने कुलपं. पहिल्या दिवशी यादीतली जवळजवळ निम्मी दारं बंद निघाली. मी तुम्हाला फोन केला की संध्याकाळच्या आणि रविवारच्या खेपा लावूया, दहा-बारा दिवस जास्त लागतील. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "शेजारची उघडी घ्या."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत, त्याच आवाजात, जसं काही पावसाचं सांगताय.

त्याच दिवशी संध्याकाळी तुमच्या टेबलासमोर आपलं भांडण झालं. सगळं ऑफिस ऐकत होतं आणि कुणाला एक अक्षर कळत नव्हतं, कारण आपण मराठीत भांडत होतो. तुम्ही म्हणालात खात्याला अहवाल महिनाअखेर हवाय, उशीर झाला तर पुढची तीन वर्षांची पाहणी दुसऱ्या कुणाला जाईल, आणि ते लोक तर घरात बसून फॉर्म भरतील. म्हणालात, आपण राहिलो तर पुढच्या फेरीत दुरुस्त करता येईल. मी म्हटलं, आणि तोवर? तुम्ही म्हणालात, "तोवर काही आभाळ कोसळत नाही, मृणाल." मी तुमच्या वयाचा, उपकारांचा, कशाचाच मुलाहिजा ठेवला नाही. मी विचारलं की डमडमच्या त्या कुलपासमोर मला कशाला उभं केलं होतंत. त्यावर तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. तुम्ही चष्मा पुसायला लागलात की चर्चा संपली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी एक पानी आक्षेप लिहून दिला. लाइनींतली घरं बदललेली आहेत, कामावर जाणाऱ्या आयांची मुलं यात आलेलीच नाहीत, या आकड्यांवरून संध्याकाळच्या दवाखान्याबद्दल काहीही म्हणू नये. तुम्ही तो वाचलात, घडी घातलीत आणि अहवालाला जोडतो म्हणालात. मी विश्वास ठेवला. अहवालावर दुसरी सही माझी आहे.

ही गोष्ट मी इथे लपवणार नाही. ते वाक्यही मीच टाइप केलं होतं, तुम्ही तोंडी सांगत होतात आणि मी टाइप करत होते: लाइनींतलं लसीकरण उर्वरित भागाइतकंच चांगलं असून संध्याकाळच्या दवाखान्याची स्वतंत्र गरज दिसून येत नाही. माझी बोटं थांबली होती. तुम्ही म्हणालात, आक्षेप जोडलाय ना, मग झालं. मी पुढे टाइप केलं. आक्षेप जोडला नव्हता. तो तुम्ही आपल्याजवळच ठेवलात आणि मी विचारलं नाही.

उन्हाळ्यानंतर दवाखाना बंद झाला. शेफालीदींची बदली दूर कुठेतरी झाली. कार्यक्रमाला मात्र आपल्या अहवालाच्या जोरावर उत्तम शेरा मिळाला आणि खात्याने तो छापील पुस्तिकेत मिरवला. पुस्तिकेच्या आतल्या पानावर संस्थेचं नाव होतं. ऑफिसात रसगुल्ले आणले होते. मी खाल्ला नाही हे तुमच्या लक्षात आलं होतं.

मी एका रविवारी एकटीच बजबजला गेले. सत्तावीस नंबरची खोली यादीत होती आणि आपण तिच्याऐवजी अठ्ठावीस नंबर घेतली होती. सत्तावीसमध्ये रूबी राहते, पोती शिवणारी, एक मुलगा, तेव्हा दीड वर्षाचा. दवाखाना बंद झाल्यावर त्याची गोवराची लस राहिली आणि त्याला गोवर झाला. महिनाभर तापाने आणि कानाने हैराण होतं पोर. जगलं. पण आता एका बाजूने हाक मारली तर वळत नाही. मी रूबीला सांगितलं की आम्ही पाहणीला आलो होतो, तेव्हा घर बंद होतं. ती चिडली नाही. चूल पेटवता पेटवता म्हणाली, "दीदी, घर बंद नहीं था. हम काम पर थे."

हे वाक्य तुम्हाला सांगावं असं मला वाटलं होतं. तुमच्या तोंडावर फेकावं असं वाटलं होतं, खरं म्हणजे. पण मग मी अबोलाच धरला. कामापुरतं बोलायचं, 'सर' म्हणायचं, वही लिहायची नाही. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की वही कुठे आहे. मंडळाच्या गणपतीत तुम्ही स्वतः खिरापतीचं ताट घेऊन माझ्यापर्यंत आलात आणि मी हात पुढे केला नाही. चारचौघांत केलं मी ते. काकूंचा चेहरा उतरला. त्याचं मला वाईट वाटतं, पण काकूंसाठी, तुमच्यासाठी नाही. अशी दोन वर्षं गेली.

मग तुमचं दुखणं. हॉस्पिटलात मी दोनदा आले. पहिल्या वेळी तुम्ही झोपेत होतात. दुसऱ्या वेळी जागे होतात, हाताला सलाईन, आणि टेबलावर नेहमीसारखी पेन्सिल. आपण हवेबद्दल बोललो, आशुतोषच्या विमानाबद्दल बोललो. तुमचा मुलगा बंगळुरूहून येणार होता. मी निघताना तुम्ही विचारलंत, "बजबजला जातेस का हल्ली?"

मी म्हटलं, "आता काय काम तिथे."

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मला वाटलं, बरं झालं, झोंबलं. लिफ्टची वाट न बघता मी जिना उतरले आणि बसमध्ये बसल्यावर मला हलकंसुद्धा वाटलं होतं. पाचव्या दिवशी फोन आला.

आता यापुढचं तुम्हाला माहीत नाही, तेव्हा नीट ऐका.

तेरावं झाल्यावर आशुतोषने मला बोलावलं. तुमच्या कपाटातल्या हिरव्या वह्या त्याने दोन पिशव्यांत भरून ठेवल्या होत्या. त्याला मराठी बोलता येतं पण वाचायचं म्हटलं की अक्षर अक्षर जुळवावं लागतं, आणि तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तो संकोचून म्हणाला, ताई, रद्दीत देण्याआधी तू एकदा बघशील का, काही कामाचं असलं तर. मी पिशव्या घरी आणल्या, तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी दुपारी सगळ्यात वरची वही उघडली.

पहिल्या पानावर माझा आक्षेप डकवला होता. घडी पडलेला, कोपरा चहाने पिवळा झालेला. आणि पुढल्या पानापासून बजबज.

रविवार, सायंकाळी पाच चाळीस. रविवार, सकाळी आठ. बुधवार, सायंकाळी सात. तुम्ही गेला होतात. अहवाल दिल्यानंतर, दवाखाना बंद व्हायच्या आधी, सत्तराव्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून, एकटे. आपण वगळलेलं एकेक दार तुम्ही गाठलं होतंत. तीनदा. प्रत्येक घराला एक ओळ, ओळीच्या शेवटी, मुलाचे डोस पूर्ण असतील तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. दुसऱ्या पानापर्यंत फुल्यांच्या गर्दीतून बरोबरची खूण शोधावी लागत होती. सत्तावीस नंबरही होता: दार उघडे, आई घरी, चहा दिला, मूल हसरे, गोवराची लस महिन्यावर आली आहे, दवाखान्यात घेणार म्हणते. तारीख बघून मी वही मिटली. तुम्ही रूबीच्या हातचा चहा प्यायला होतात, काका. त्या वेळी पोर दोन्ही कानांनी ऐकत होतं.

दोन वर्षं मी समजत होते की तुम्ही चुकलात. थकलात, भ्यालात, संस्था जपायच्या नादात डोळेझाक केलीत. त्या माणसावर रागावणं मला जमत होतं. पण तुम्ही डोळे उघडे ठेवून सगळं मोजलंत, माझ्यापेक्षा जास्त नीट मोजलंत, मला कधीच जमणार नाही इतकं काटेकोर मोजलंत, आणि मूग गिळून बसलात. सगळं बरोबर मोजून ते कपाटात ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणायचं असतं? मराठी तुमचं चांगलं होतं, तुम्हीच सांगा.

आणि त्या शेवटच्या पानाखालची ओळ. पेन्सिलने, रेघ ओढून. 'मृणालने विचारल्यास दाखवणे.'

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी वही भिंतीवर फेकली, नंतर उचलून तिचा पुठ्ठा पुसत बसले. मी विचारायची वाट बघत होतात तुम्ही? लाइनींतली शंभर पोरं, शेफालीदींची टाकलेली सतरंजी, रूबीचा मुलगा, हे सगळं आपल्या दोघांतल्या अबोल्यावर टांगून ठेवलं होतंत? मोठे होतात ना? एकदा म्हणायचं होतं, मृणाल, तू बरोबर होतीस. तेवढंसुद्धा नको. वही नुसती टेबलावर ठेवायची होती. मी वाचली असती. तुमचं अक्षर वाचणारी या शहरात मी एकटीच होते आणि हे तुम्हाला ठाऊक होतं.

आणि हॉस्पिटलातला तो प्रश्न. तो प्रश्न नव्हता, दार होतं. तुम्ही आतून कडी काढली होतीत आणि मी एकदाच वाजवून निघून गेले. तीनदा यायचं शिकवलेली मी. याबद्दल मी स्वतःला काय काय म्हणते ते स्मरणिकेत छापण्याजोगं नाही.

गेल्या आठवड्यात काकूंकडे गेले. परवानगी मागायला नाही, सांगायला. डमडमच्या फ्लॅटमध्ये तुमची खुर्ची खिडकीशी तशीच आहे आणि काकू तिच्यावर धुतलेले कपडे ठेवायला लागल्यात. मी त्यांना वही दाखवली आणि सगळं सांगितलं. म्हटलं, मी याचं इंग्रजी करून खात्याला पाठवणार आहे, अहवालातलं ते वाक्य मागे घ्या आणि दवाखाना पुन्हा सुरू करा म्हणून. काकांचं नाव खराब होईल. लोक म्हणतील माहीत असून गप्प बसले. संस्थेच्या नव्या संचालकांनी मला बजावलंय की हे बाहेर गेलं तर संस्थेला पुढचं काम नाही आणि मला तर नाहीच नाही.

काकू वहीची पानं उलटत होत्या. म्हणाल्या, रविवारी ते कुठे जायचे ते मला माहीत होतं, डबा मीच द्यायचे. तू विचारशील असं त्यांना वाटायचं.

"आणि मी नसतं विचारलं तर, काकू?"

"तेच मी त्यांना विचारलं होतं."

"मग काय म्हणाले?"

"चहा मागितला."

 मग काकूंनी वही माझ्या हातात दिली आणि डोळे पुसत म्हणाल्या, "पाठव. आणि त्यांचं नाव गाळू नकोस हां, दया म्हणून. केलंय त्यांनी, असू दे त्यांच्या नावावर." चाळीस वर्षं तुमच्या सपाट चमच्याचा चहा प्यायलेली बाई ती. शोकसभेत ती का हसली हे मला आत्ता कळलं.

मी भाषांतर केलं. चार दिवस लागले. तुमची वाक्यं इंग्रजीत नेताना कुठेही गुळगुळीत केली नाहीत. 'चहा दिला, मूल हसरे' हेही ठेवलं, खात्याला त्याचं काही काम नसलं तरी. खाली दोन नावं घातली, तुमचं आधी आणि माझं नंतर, नेहमी असायची तशी. अहवालाखाली होती तीच दोघांची नावं आता याखाली आहेत. आणि हो, भाषांतर करताना तिसऱ्या दिवशी मी रडले. तुमच्यासाठीच रडले. सत्तराव्या वर्षी त्या गाळातून गुडघा ओढत जाणारा माणूस मला दिसत होता आणि त्याच्याबरोबर मी असायला हवी होते असं वाटत होतं. पिशवी मी धरली असती. संदेशाचे पैसे तुम्हीच दिले असतेत. हे चार चांगले शब्द म्हणून धरा, कारण याहून चांगले या वर्षी तरी निघणार नाहीत.

माफ केलं असं मी म्हणणार नाही. रूबीच्या मुलाला हाक ऐकू आली की बघू.

काल सोमवारी खात्याच्या कचेरीत पाकीट घेऊन गेले. ज्यांच्या हातात द्यायचं ते साहेब जागेवर नव्हते. खोलीला कुलूप होतं. शिपाई भला माणूस होता, म्हणाला, दीदी, कशाला थांबता, शेजारच्या टेबलावर देऊन जा, पोचेल. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हातही पुढे केला होता. मी पाकीट पिशवीत परत ठेवलं, जिन्यात उभी राहून हिरवी वही काढली आणि तुमच्या ओळीखाली माझ्या अक्षरात लिहिलं: सोमवार, सकाळी अकरा, बंद.

अजून दोन खेपा आहेत.